शहाणी झालेली पोर

आमच्या भुईगावात 'शहाणी' हा शब्द मुलीच्या वाट्याला फार लवकर येतो. उलट उत्तर दिलं की 'मोठी शहाणी आलीय'. पाळी सुरू झाली की बायका हळूच कुजबुजतात, 'पोर शहाणी झाली'. या शब्दाचा आणखी एक अर्थ मला भाचीमुळे कळला, आणि तो कळला नसता तर बरं झालं असतं.

माझी वहिनी गेली तेव्हा ही भाची पंधरा वर्षांची होती. चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे तिच्यासाठीच्या प्रार्थनेनंतर, घरी आलेल्या बायका चहा घेता घेता माझ्या कानाशी लागल्या, "पोर कशी शानी झाली बघ." पोर तेव्हा आत कप विसळत होती. मला त्या बायकांचा संताप आला. वास्तविक माझा धंदाही तोच. मी किशोरवयीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहिते. माझ्या नायिका दारं आपटतात, आईशी भांडतात, कुणाच्या तरी प्रेमात पडतात आणि शेवटच्या प्रकरणात हमखास शहाण्या होतात.

गेल्या वर्षी लिहिलेल्या कादंबरीत आई गेलेली मुलगी होती. छापायला देण्याआधी मी ती भाचीला वाचायला दिली. खरं सांगायचं तर मला तिचं मत नको होतं. आई जाऊन वर्ष होत आलं तरी ती एकदाही माझ्यासमोर रडली नव्हती. पुस्तक वाचून तरी रडेल, एवढीच माझी आशा.

पुढच्या रविवारी गेले तर ती स्वयंपाकघरात भिजवलेले वाल सोलत बसली होती. धाकटा भाऊ बाहेर वाडीत खेळत होता.

"वाचलंस?" मी विचारलं.

"हो. भारी आहे गं आत्या." मग पुढचा वाल सोलत म्हणाली, "ती संध्याकाळभर समुद्रावर रडत बसते ना, तेव्हा घरी भात कुणी लावला?"

समुद्र तिच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ. पण आई गेल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं.

"ती पप्पांशी भांडते ते मात्र आवडलं," ती सांगत होती. "मला पण भांडायचंय. पण आमचे पप्पा ऑफिसमधून दमून येतात, आणि मी जे वाढीन ते 'छान झालंय' म्हणत जेवतात. परवा आमटीत दोनदा मीठ पडलं. तरी छान! मग भांडणार कसं?"

हे सगळं ती हसत सांगत होती. मी तिला जवळ ओढलं. आपले ओले हात माझ्या साडीला लागू नयेत म्हणून तिने ते लांब धरले. रडली नाही.

मी म्हटलं, "समुद्राचं ते प्रकरण काढूनच टाकते. खोटं आहे ते."

"नको गं काढू," ती म्हणाली. "तिला तरी जाऊ दे."

मला हुंदका आवरला नाही. तिने हात धुतले, पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले आणि मला पाणी आणून दिलं.