सोळा चढ, सोळा उतार

शेटजी गेले, आणि मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.

सकाळपासून गावाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पूर आलाय. "शंभरी गाठलेलं व्यक्तिमत्त्व." "व्यवहाराला चोख."

चोख?

मी ब्याण्णव वर्षांची आहे. आता नाही लिहायचं तर कधी?

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या साखऱ्यात हाली रुपया चालायचा, सीमेपलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. शंभर कलदाराला एकशे सोळा हाली, असा भाव धरायचे. वरच्या सोळांना म्हणायचे बट्टा.

ही अदलाबदल सेनगावात शेटजींच्या दुकानात व्हायची. गादीवर हेच बसायचे. विशी-बाविशीचे, कानात अत्तराचा फाया.

माझी थोरली बहीण द्वारकाअक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. येताना फक्त स्वतःच्या शेळ्या हाकत आली. त्या तिनं सीमेपलीकडच्या रिसोडच्या बाजारात विकल्या. शंभर कलदार आले.

बा म्हणाला, "कलदार घरात ठिवून काय करती? हाली करून आण."

शेटजींनी शेकडा सोळा चढ दिला. एकशे सोळा हाली. इथपर्यंत सगळं ठीक.

मग निरोप आला. रिसोडचा एक शिंपी धंदा आवरत होता. शिलाईची मशीन, शंभर कलदार.

"आपले शंभर हायेतच की," अक्का म्हणाली. त्याच दिवशी तिनं शेजारणींच्या चोळ्यांची मापं घ्यायला सुरुवात केली!

हाली घेऊन आम्ही दोघी आणि बा सेनगावला गेलो. शेटजींनी एकशे सोळा हाली ठेवून घेतले आणि कलदार मोजून दिले.

सत्त्याण्णव रुपये सात आणे.

"शेटजी, म्या शंभर दिल्ते. शंभर काहून न्हाईत?"

"बाई, तवा शेकडा सोळा चढ दिला. आता शेकडा सोळा उतार. जिना एकच, पायऱ्या त्याच."

"मंग मी तळघरात कशी पोचली?"

दुकानातले लोक हसले. शेटजीही हसले. पैसे मात्र वाढले नाहीत.

बानं हात जोडले. "द्वारके, सोळा चढ, सोळा उतार. बराबरच हाय. चल."

बाला दोष देत नाही. दोन राज्यांच्या मधे राहणाऱ्या आमच्या अख्ख्या गावाला ते बराबरच वाटायचं. शेटजींना ठाऊक होतं, म्हणून तर ते गादीवर होते.

रिसोडला शिंपी म्हणाला, "शंभर म्हंजे शंभर. मागं गिऱ्हाईक उभं हाय."

आमच्यासमोर मशीन दुसऱ्याच्या बैलगाडीत चढली. अक्का गाडी वळेपर्यंत बघत राहिली. मग तिनं शेजारणींची मापं घेतलेली सुतळी कमरेला खोचली.

पुढच्या वर्षी मी मामाकडे रिसोडला शाळेत गेले. तिथं शेकडेवारी शिकले आणि डोकं भणाणलं.

चढताना सोळा धरले ते शंभरावर. उतरताना धरले ते एकशे सोळांवर. म्हणजे सोळा नव्हे, साडेअठरा कापले! दलाली हवी होती तर तोंडानं मागायची होती.

सुट्टीत मी अक्काला ओढत दुकानात नेलं आणि भर बाजाराच्या दिवशी हे ओरडून सांगितलं. माझं पहिलं भाषण तेच.

शेटजींनी ऐकून घेतलं. गल्ल्यातून दोन रुपये नऊ आणे काढून फेकले. "घे पोरी, खाऊला. लई हिशेब करशील तर नवरा भेटायचा न्हाई."

अक्कानं पैशाला हात लावला नाही.

"शेटजी, मशीन गेली. आता ह्या पैशानं काय शिवू, तुमचं तोंड?"

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

अक्का पुढे आयुष्यभर दुसऱ्यांची शेतं निंदत राहिली. उरलेल्या वेळात हातसुईनं गोधड्या शिवायची. पन्नाशीत डोळे गेले, पंचावन्नाव्या वर्षी ती गेली. तेव्हा ग्रुप नव्हते. असते तरी तिच्यासाठी कुणी दोन ओळी लिहिल्या असत्या?

तुम्ही म्हणाल, आजी, जुनं उकरू नका. जुनं?

परवा माझ्या नातवाचा कापलेला पगार परत वाढला. आधी वीस टक्के कापला होता, आता वीस टक्के वाढवला. पठ्ठ्या पेढे घेऊन आला. "आजी, भरपाई झाली!"

मी म्हटलं, "शंभराचे ऐंशी झाले. ऐंशीवर वीस टक्के म्हणजे सोळाच. चार कुठायत?"

त्याचा पेढा हातातच राहिला.

शेटजी, तुम्हाला शंभरच्या शंभर वर्षं मिळाली. उतार म्हणून त्यातलं एकही कुणी कापलं नाही. माझ्या अक्काला शंभर रुपयेसुद्धा पुरते मिळाले नाहीत.

तरी रीत आहे म्हणून लिहिते.

श्रद्धांजली.

'भावपूर्ण' तेवढं बट्ट्यात कापून घेतलंय.