मेजावरची छोटी लाईन

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आमची गाडी मुळातच छोटी. अरुंद रूळ, अरुंद डबे, आणि चाल अशी की उतारूने खाली उतरून बोरं वेचावीत आणि मागच्या डब्यात निवांत चढावं. अशी गाडी गावात असताना तिची आणखी छोटी गाडी करत बसणारी मोठी माणसं इथे आहेत हे कळलं, तेव्हा आधी मला हसू आलं. मग राहवेना. एवढ्याशा गाडीला आणखी लहान करून यांना मिळवायचंय तरी काय?

मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. वय पस्तिशीचं, लग्न केलेलं नाही; लोकांना बोलायचं ते आधीच बोलून झालं होतं. त्यामुळे एका रविवारी बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात एकटी गेले, तर नवीन बोलायला कोणाकडे काही उरलं नव्हतं.

गोदामात खोलीभर मेज होतं आणि त्यावर यवतमाळपासून दारव्ह्यापर्यंतची लाईन. रूळ छत्रीच्या काड्यांचे. इंजिन तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं, पोटात गजराच्या घड्याळाची स्प्रिंग. मालडब्यांत दोऱ्याने आवळलेल्या कापसाच्या गाठी, खऱ्या कापसाच्या. मंडळ मी यायच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले, वेळेचे इतके पक्के की मेजावरच्या गाडीला उशीर झाला तरी सगळ्यांवर ओरडायचे. गाडी सोडायची तर स्टेशनवाल्याच्या हातातून ड्रायव्हरच्या हातात शर्टाचं एक बटण जावं लागे. खऱ्या लाईनवर पुढचा रूळ मोकळा असल्याची खूण म्हणून लोखंडी गोळा देतात, तसं. बटण मिळाल्याशिवाय गाडी हलायची नाही.

पण मला खरी गंमत वाटली ती दुसऱ्या नियमाची. पाहिल्याशिवाय मांडायचं नाही. झाड असो, पूल असो की कोणाचा गोठा, आधी दोघांनी खऱ्या गाडीने तिथे जायचं, डोळ्यांनी पाहायचं आणि तिथली माती रुमालात बांधून आणायची. मेजावर प्रत्येक गावाखाली त्या त्या गावचीच माती होती. त्याच दिवशी मी मंडळात नाव घातलं.

मंडळात आमच्याच भागातल्या शाळेतले गणिताचे मास्तर होते. लाईनीवरचं एक गाव त्यांचं. घरची माणसं छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झालेली. मास्तर कमी बोलायचे. पूल मात्र असे बांधायचे की पाहत राहावं. त्या दिवाळीच्या आधी ते जरा जास्तच गप्प होते. मी खोदून खोदून विचारलं, मला तशी खोडच आहे.

"माय विचारे, दर रविवारी कुठी जातं रे तू?" ते म्हणाले. "मी म्हटलं, आपलं गाव बनवून राह्यलो. आता ते म्हनते, दिवाळीच्या सुट्टीत पाहाले येतो. अन् घर विचारलं त काय दाखवू, बाई? भिंत?"

मी मेजाकडे पाहिलं. गाव होतं. स्टेशन, मारुतीचं देऊळ, पाटलांचा वाडा, विहीर, सगळं रुळांच्या अलीकडे. पलीकडे वीतभर माती, आणि मग गोदामाची भिंत. मास्तरांची वस्ती रुळांच्या पलीकडे होती. मेज तिथे संपत होतं.

अध्यक्षांना विचारलं, तर ते खरंच गोंधळले. "भिंत आली ना बाप्पा मधात. मुद्दाम थोडीच केलं कोनी?" मुद्दाम केलं नव्हतं हे खरंच. मेज भिंतीला लावताना कुठली बाजू कापली जाईल, हे कोणाच्या मनातच आलं नाही. मला त्याचाच जास्त राग आला.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चित्रकलेच्या बाई आहेत, भिंतीवर वस्ती रंगवतील, झालं. मास्तर मान हलवत म्हणाले, "बाकी गावाले हात लावून पाहता येते. आमचंच तेवढं चित्र कायले?"

"मग भिंत कोरा," मी म्हटलं. वैतागून म्हटलं होतं. सगळे हसले. पण घड्याळं दुरुस्त करणारे आमचे कारागीर उठले आणि हाताने भिंतीची जाडी मापू लागले. मातीची भिंत, चांगली दीड हात जाड. दिव्यासाठी देवळी कोरतात तशी लांबट देवळी कोरली, तर वस्ती आत बसत होती. अध्यक्षांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "आधी पाहून या. नियम हाय."

पाहायला मास्तर आणि मी गेलो. गाडीतून उतरल्यावर आधी मी विहिरीकडे वळले, कारण मेजावरची विहीर म्हणजे गाऱ्यात दाबलेली एक बांगडी होती आणि ती मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. मास्तर रस्त्यावरच थांबले. "तुम्ही पाहून या," म्हणाले. मी वाकून पाहिलं. घडीव दगडांचं बांधकाम, दगडांच्या फटीतून फुटलेलं पिंपळाचं रोप, आणि बरंच वर आलेलं शांत पाणी. पाणी भरणाऱ्या बायांनी मला वेड्यात काढलं असणार. परत आले तेव्हा मास्तर बाभळीखाली उभे होते, पाठ करून.

वस्तीत कवेलूच्या छपरांची घरं, नवा निळा झेंडा आणि मास्तरांच्या दारात निंबाचं झाड. त्यांच्या माय उंच, काटक, कापूस वेचून नुकत्याच आलेल्या. गुळाचा चहा देता देता त्यांनी विचारलं, "इहिरीवर गेलत्या म्हने तुमी? पानी कुठवर हाय?"

"बरंच वर आहे," मी म्हटलं. खेड्यात पाण्याची चौकशी कोणीही करतं. मी अंगणातली माती रुमालात बांधली आणि आम्ही परतीची गाडी धरली.

देवळी कोरायला घेतली आणि व्हायचं तेच झालं. उत्साहाच्या भरात छिन्नी आरपार गेली. भोकातून माती पलीकडे सांडली, आणि थोड्या वेळाने तिथे एक डोळा दिसला. पलीकडे गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान होतं. दुकानदाराचा आवाज आला, "काय शोधून राह्यले जी? माह्या इकडं ढेपच हाय."

अध्यक्षांनी भोकात तोंड घालून माफी मागितली. दुकानदाराने मेज पाहिलं, गाडी पाहिली, आणि भोक बुजवू नका म्हणाला. गिऱ्हाईक नसलं की त्याला गाडी पाहायची होती. त्याच्या दुकानाचं दार उगवतीला होतं. त्यामुळे सकाळी त्या भोकातून उजेड यायचा आणि थेट आमच्या वस्तीवर पडायचा. मेजावर ऊन मिळालेलं ते एकटंच गाव.

मी निंब केला, झेंडा केला, कवेलू एकेक करून बसवलं. आणि हौस म्हणून विहीरही नवी केली. दगड रचले, हिरव्या दोऱ्याचा पिंपळ लावला, तळाशी आरशाचा तुकडा बसवला.

दिवाळीच्या सुट्टीत घरची माणसं गाडी पाहायला आली, त्यांत मास्तरांच्या माय होत्या. चपला दाराबाहेर काढून त्या आत आल्या. मास्तर त्या दिवशी त्यांच्याच गावचे स्टेशनवाले. हातात बटण घेऊन उभे होते. त्यांनी मायला देवळीशी नेलं.

"हे आपलं घर."

मायनी वाकून पाहिलं. "व्हय, आपलंच. निंब जरा मोठा झाला." चेहरा समाधानी होता, पण नजर तिथे थांबली नाही. ती रुळांवरून अलीकडे आली आणि विहिरीवर अडकली. त्यांनी मला विचारलं, "बाई, याले हात लावला त चालते?"

"चालतं," मी म्हटलं.

त्यांनी एक बोट विहिरीच्या काठावर ठेवलं. मग सगळ्या कडेवरून फिरवलं, सावकाश. "आतून दगडाची हाय काय? मले वाटे, मातीचीच असन. अन् हे झाड कायचं?"

"पिंपळाचं आहे. खरंच उगवलंय तिथे."

"आमी थे बाभळीपाशी उभं राहो घागर घेऊन. कोनी वरतून वतलं त भरे. आता आमची बोरिंग झाली, पन या इहिरीत काय हाय, थे मले लगन होऊन आली तवापासून पाहाचं होतं." त्या आणखी वाकल्या. "माह्यं तोंड दिसून राह्यलं याच्यात."

मला एकदम रडू आलं, आणि ते लपवायचंही सुचलं नाही. आम्ही इतके दिवस घराच्या मागे लागलो होतो, आणि घर तर त्यांनी रोजच पाहिलेलं होतं.

इंजिन स्टेशनात चावी भरून उभं होतं. मास्तरांच्या मुठीत बटण तसंच होतं. कोणीतरी हळूच म्हणालं, गाडीची वेळ टळून गेली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाहू दे तिले," ते म्हणाले. "गाडी थांबते."