दोन बहिणींची तालीम

शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात वेळ जाता जाईना. त्यामुळे चर्चच्या महिला मंडळाने नाटक बसवायचं ठरवलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दोन बहिणींची गोष्ट होती. भांडण होऊन वर्षानुवर्षं दुरावलेल्या, आणि आता आईचं घर विकायचं म्हणून एकमेकींसमोर आलेल्या. मला धाकटीचं काम मिळालं. थोरली कोण करणार, हे मला पहिल्या तालमीला सावेडीतल्या शाळेच्या हॉलमध्ये पाऊल टाकल्यावरच कळलं. खिडकीजवळच्या बाकावर माझी मैत्रीण बसली होती.

मैत्रीण म्हणतेय खरी, पण आमचं बोलणं बंद होतं. आम्ही एकाच शाळेत शिकवलं, एकाच रिक्षाने गेलो-आलो. पुढे तिच्या मुलाचं आणि माझ्या मुलीचं लग्न ठरलं. साखरपुडा झाला, चर्चमध्ये जाहीरही झालं, आणि मग माझी मुलगी नको म्हणाली. का, ते तिने मलाही नीट सांगितलं नाही. लग्न मोडल्याचा निरोप घेऊन माझे यजमान त्यांच्याकडे गेले. कुठल्या तोंडाने जायचं म्हणून मी घरीच थांबले. तेव्हापासून रविवारी उपासनेला ती डावीकडच्या बाकांवर बसायची, मी उजवीकडच्या. दारात गाठ पडलीच तर सलाम व्हायचा, तेवढाच.

दिग्दर्शक पुण्याला नाटक शिकून आलेला तरुण होता, नगरमध्ये नवा. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने आमच्या हातातली संहिताच काढून घेतली.

"पाठांतर नंतर, काकू. आधी ही बाई चालते कशी ते बघू."

मग बरेच दिवस आम्ही त्या हॉलमध्ये नुसत्या चालत होतो. रागावलेल्या बाईसारखं, गुडघा दुखणाऱ्या बाईसारखं, घरात पाहुणे येऊन बसलेत अशा बाईसारखं. मला हसू यायचं. ती मात्र मनापासून करायची. थोरलीसाठी तिने एक लकब शोधून काढली. काही अवघड बोलायचं असलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळायची.

एका संध्याकाळी त्याने आम्हा दोघींना पाठीला पाठ लावून खाली बसवलं. नाटकात नसलेला, बहिणींच्या लहानपणीचा एखादा दिवस आठवायचा. एकीने सुरुवात करायची, दुसरीने पुढे न्यायचं. नाही म्हणायचं नाही.

"तुला आठवतं, आपण बोरं खायला गेलो होतो?" तिने सुरुवात केली.

"आणि परत यायला गाडीच मिळेना," मी म्हणाले.

"मग उसाच्या टेम्पोत बसून आलो."

"तू पुढे बसलीस. मला मागे उसावर बसवलंस."

"तुझी एक चप्पल पडली ना रस्त्यात! पाय लपवत घरी गेलीस."

बोरं नाटकातल्या बहिणींची होती. टेम्पो आमचा होता. आम्ही नव्या शिक्षिका असताना शाळेची सहल ठरवायला गेलो होतो, आणि येताना एसटी बंद पडली होती, त्या दिवसाचा. चप्पल माझी होती. ती हसत होती, आणि तिचं हसणं मला माझ्या पाठीला कळत होतं.

"वा काकू, काय खरं रचलंत!" दिग्दर्शक खूश झाला.

आम्ही उठलो. तिने पर्स उचलली, मी स्कूटीची किल्ली शोधू लागले. दोघींची घरं एकाच रस्त्यावर. 'सोडू का?' एवढंच म्हणायचं होतं. मी किल्ली शोधत राहिले, आणि तिने रिक्षाला हात केला.

पुढच्या आठवड्यात त्याने मध्ये एक खुर्ची ठेवली. खुर्चीत बसलेलीने भूमिकेतच राहायचं, आणि बाकीच्यांनी काहीही विचारायचं. पहिली ती बसली. मंडळातल्या एकीने विचारलं, "धाकटी आली नाही, ठीक. तू का गेली नाहीस तिच्याकडे?"

तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला.

"मला वाटलं ती येईल. एवढं झाल्यावर एकदा येऊन माझ्याजवळ नुसती बसली असती, तरी चाललं असतं. बोलायलासुद्धा नको होतं."

हॉलमध्ये दिग्दर्शक सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं.

मग मी बसले. मलाही तेच विचारलं गेलं. लाज वाटली, हे उत्तर अगदी ओठावर होतं. धाकटीच्या तोंडून बोलले असते तर कुणी मला पकडलंही नसतं. पण मी संहिता आठवली. नवऱ्याची बदली, सासूचं आजारपण, मुलांच्या परीक्षा असं एकेक जोडत गेले.

"छान! अगदी पटण्यासारखं," दिग्दर्शक म्हणाला.

ती खिडकीबाहेर बघत होती.

नगरचा प्रयोग चांगला झाला. शेवटी बहिणी एकमेकींना मिठी मारतात. तालमीत ती नुसते हात टेकवायची, त्या दिवशी तिने मला घट्ट धरलं. पडदा पडला, लोक भेटायला आत आले, त्या गर्दीत ती कुठे गेली ते कळलं नाही. श्रीरामपूरच्या प्रयोगाआधी ती मुलाकडे नाशिकला राहायला गेली. थोरली दुसऱ्या बाईंनी केली. त्यांनी वाक्यं चोख म्हटली.

श्रीरामपूरहून परतताना मी दिग्दर्शकाशेजारी बसले होते. तो सहज म्हणाला, "त्या काकू आधी नकोच म्हणत होत्या. मग विचारलं, धाकटी कोण करतंय? तुमचं नाव सांगितलं आणि लगेच तयार झाल्या. तुम्ही जुन्या मैत्रिणी ना?"

"हो," मी म्हणाले. राहुरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आता आमचे फोन होतात. नाताळला, वाढदिवसाला. तब्येती, तिची नातवंडं, नाशिकची थंडी. एकदा मी धीर करून म्हटलं, "त्या वेळी मी यायला हवं होतं गं तुझ्याकडे."

"जाऊ दे, आता काय त्याचं," ती म्हणाली, आणि माझ्या मुलीची चौकशी करू लागली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, दोघी थोडं भांडलो असतो. मुलगी मजेत आहे, असं मी सांगितलं.