चाखलेलं तूप

“फॅटी लिव्हर,” माझ्या उजव्या बरगडीखाली रुतवलेली बोटं काढत डॉक्टरसाहेब म्हणाले. लिव्हर म्हणजे यकृत. त्यात चरबी साठली की ते फुगतं, बरगडीखाली उतरतं आणि हाताला लागतं. मग त्यांनी हळूच विचारलं, “शराब कितनी पीते?”

मी ताडकन उठून बसलो. गुलमंडीच्या बाजारात माझं तुपाचं दुकान, निजामाच्या मुलखात आमच्या डब्यांना नाव, आणि मला दारूचं विचारता! थेंबाला कधी शिवलो नव्हतो.

“मग तूपच पीत असाल,” साहेब हसले.

मला हसू आलं नाही. माझे वडीलही दुकानाच्या याच गादीवर बसायचे आणि पोट फुगून, डोळे पिवळे होऊन गेले होते. मला तसं मरायचं नव्हतं.

साहेबांनी तूप, लोणी, साय, खवा, मिठाई सगळं बंद केलं, रोज भरभर चालायला सांगितलं. मला वाटलं, आता दूधदुभतंच संपलं. आमचं घराणं मूळचं मेंढरं राखणारं. ताकाशिवाय जगायचं कसं? पण साहेब म्हणाले, “साय काढलेलं दूध घ्या, लोणी काढलेलं ताक घ्या. खरा त्रास सायीचा आणि तुपाचा.” एवढा आनंद झाला की घरी येऊन मी उभ्याउभ्याच तांब्याभर ताक प्यालो!

पथ्य मी कडक पाळलं. बायको, कोंडाबाई, कोरडी भाकरी वाढायची. मी शहराच्या दिल्ली दरवाज्यापर्यंत पायी जाऊन यायचो. पुढच्या खेपेला दवाखान्यात रक्त तपासलं, लघवी तपासली, मी बाकड्यावर ताटकळलो. साहेबांनी पुन्हा पोट दाबलं. यकृत तिथंच!

“तुम्ही पथ्य पाळत नाही,” ते कडाडले. मी शपथ घेतली, त्यांना पटली नाही.

त्या आठवड्यात पाचोडच्या बाजाराला कोंडाबाई माझ्यासोबत आली. तिचं माहेर तिथलंच. धनगरणी तुपाची गाडगी घेऊन ओळीनं बसल्या होत्या. आमच्या धंद्याची रीत अशी, की प्रत्येक गाडग्यातलं बोटभर तूप तळहातावर घ्यायचं, चाटायचं आणि गिळायचं. थुंकलं तर बाई अपमान समजून गाडगं उचलते आणि पुन्हा माल देत नाही. मी एकेक गाडगं चाखत चाललो.

“अवो, हे काय चाललंय?” कोंडाबाईनं माझा हातच धरला.

“चाखतोय. खातोय थोडाच?”

“गिळताय न्हवं? मग जातंय कुठं ते? सकाळधरनं वाटीभर झालं!”

खरंच की! बाजारात गाडगी, दुकानात डबे, आणि हे मी कधी खाण्यात धरलंच नव्हतं. वडिलांनीही धरलं नसणार. घाबरायचं सोडून मला नाचावंसं वाटलं. चोर सापडला होता!

पण न चाखता पारख कशी करायची? एक खवट डबा विकला गेला तरी दुकानाची अब्रू जाणार. मी तूप तळहातावर चोळून हुंगायला लागलो. पारूआत्या, बाजारातली सगळ्यात तिखट धनगरीण, म्हणाली, “जिभंबिगर कळंल व्हय रं तुला?” आणि तिनं दोन गाडगी पुढं सरकवली. सगळी ओळ थांबून बघू लागली.

पहिल्याचा वास गोडसर, ताजा. दुसरं चोळलं, आणि किंचित उग्र दर्प आला. “आत्या, हे जुनं. पुन्हा कढवलंय.”

“लई नाक हाय की गं ह्याला!” आत्या खदखदून हसली.

तेव्हापासून चाखणं बंद. हळूहळू धोतराची गाठ सैल पडू लागली. मग एक दिवस साहेबांनी “लंबी सांस लो” म्हणत पोट दाबलं, पुन्हा दाबलं, आणि म्हणाले, “यकृत हाताला लागतच नाही आता!” मी त्यांचे पाय धरले. रडत होतो आणि हसतही होतो.

तुमच्यात कुणी हलवाई असेल, आचारी असेल, घरच्यांसाठी रांधणारी बाई असेल, तर माझं ऐका. ताटाबाहेर चाखलेलंही पोटातच जातं.

साहेबांसाठी मी दुकानातल्या सर्वांत चांगल्या तुपाचा छोटा डबा घेऊन गेलो. त्यांनी खुशीत झाकण काढलं आणि बोट बुडवलं. मी टेबलावरून झेपावून त्यांचं मनगट धरलं.

“साहेब, हुंगा!”