चार फुटी की पाच फुटी

मोव्हर किती फुटी घ्यायचा हे शेठने माझ्यावर सोपवलं. "तमे भणेला छो बेन, तमे नक्की करो," एवढं म्हणून तो फोन कानाला लावून निघून गेला. मी बुकिंगच्या टेबलाशी बसले होते. गोडादऱ्याहून कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्याचा पार्टी प्लॉट आहे आणि लग्नांच्या तारखा लिहून घेणं हे तिथलं माझं काम.

प्लॉटवर तीन हिरवळी आहेत. पुढची मोठी. मागच्या दोन लहान, भिंतीपलीकडच्या, आणि तिकडे जायला भिंतीत एकच लोखंडी फाटक. हे सगळं गवत चार माणसं कापायची. लिंबायतच्या आमच्याच गल्लीतल्या दोन बाया, एक ओडिया भाऊ आणि माझे आबा. छोटा ट्रॅक्टर प्लॉटवर आधीपासून होता, पाण्याची टाकी ओढायला. आता त्याच्या मागे गवत बारीक कापणारा मोव्हर जोडायचं शेठच्या मनात आलं होतं. तो काही लपवून बोलला नाही. मोव्हर फाटकातून मागे गेला तर चौघांचं काम राहणार नाही. नाही गेला तर मागच्या हिरवळींसाठी चौघं राहतील. हे त्याने मला सांगितलं तेव्हा चौघांपैकी एक माझे वडील आहेत हे त्याला माहीत होतं. मला वाटतं, तेवढ्यापुरतं तो विसरला होता.

आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आबा उधन्याला मागावर होते. त्यांच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, मजुरी मीटरवर मिळायची आणि कापड मोजायची तिथल्या शेठची लोखंडी पट्टी मीटरपेक्षा दोन बोटं लांब होती. ते आबांनी शोधून काढलं. त्यावर जे पत्रक निघालं ते मी सात वर्षांची असताना लिंबायतच्या चौकात उभं राहून वाचलं, कारण आबांना अक्षर जुळवायला वेळ लागायचा आणि माझा आवाज मोठा होता. आमच्याकडे पत्रक वाचायची एक रीत होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, अगदी खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचायचं. मधली ओळ गाळायची नाही. ऐकणाऱ्याला वाचता येत नाही, म्हणून त्याला काय ऐकवायचं ते आपण ठरवायचं नाही, असं आबा म्हणायचे. पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. फार तापून लिहायची. लोक म्हणायचे, कागद हातात धरवत नाही.

तर मोव्हर.

दुकानदाराकडे दोन मापं होती, चार फुटी आणि पाच फुटी. फोनवर त्याने पहिला नियम सांगितला, की मोव्हर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांपेक्षा रुंद हवा. अरुंद असला तर बाहेरचा टायर न कापलेलं गवत दाबत जातो, आणि ते गवत नंतर उभं राहिलं की हिरवळीवर पट्टे दिसतात. मी आणि आबांनी सकाळी टेप धरला. एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत पंचेचाळीस इंच भरले. दोनदा मोजलं.

आता इथे माझी चूक झाली, आणि ती मागावरच्या घरातल्या माणसाचीच होऊ शकते. आमच्याकडे मागाला नाव मिळतं ते मागाच्या मापाचं. बावन्न इंची माग म्हटला की त्यावरचं कापड बावन्न इंच नसतंच. उतरल्यावर ते आकसतं आणि पन्हा भरतो अठ्ठेचाळीसचा. हे मला कोणी शिकवलेलं नाही, ते आमच्या हाडातच आहे. त्यामुळे चार फुटी मोव्हर म्हणजे यंत्र चार फूट आणि कापणं त्याहून कमी, चव्वेचाळीसच्या आसपास, असं मी धरून चालले. चव्वेचाळीस म्हणजे टायरपेक्षा एक इंच कमी. म्हणजे चार फुटी चालणार नाही. पाच फुटीच घ्यावा लागणार, आणि पाच फुटी त्या फाटकातून जाणं शक्य नाही. आबांनीही मान डोलावली. मी शेठला जाऊन पाच फुटी सांगितला. त्याने कपाळाला आठी घातली, मग हो म्हणाला, आणि दुकानदाराकडून माहितीचा कागद मागवून घ्या, मग ऑर्डर टाकू, असं म्हणाला.

त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. खरं माप आणि आमची भाकरी एकाच बाजूला असण्याची वेळ फार येत नाही.

कागद दोन दिवसांनी आला. गुजरातीत छापलेला, चकचकीत, वर हिरव्यागार मैदानाचा फोटो. जेवणाच्या सुट्टीत मी तो घेऊन निंबाखाली गेले. चौघं डबे उघडून बसले होते. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, ओडिया भाऊचा भात. मोठ्या बाईने विचारलं, "काय लिही राह्यनं त्यात? आमनं नाव शे का?" सगळे हसले. मी उभी राहूनच वाचायला लागले, गुजराती वाचून मराठीत सांगत. पाती किती, उंची कमीजास्त कशी करायची, तेल कधी घालायचं. ओडिया भाऊ भात कालवत ऐकत होता.

मग मापांचा रकाना आला. मी पुढची ओळ डोळ्यांनी वाचली आणि थांबले.

कावळा भाकरीच्या तुकड्याजवळ येऊन परत गेला. आबांनी वर पाहिलं नाही.

"पुढे वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. चार फुटी, कापण्याची रुंदी अठ्ठेचाळीस इंच. सांगाडा धरून एकूण रुंदी बावन्न इंच. त्याखाली ताकदीची ओळ होती. चार फुटीला मागच्या फिरत्या दांडीवर पंधरा हॉर्सपॉवर लागते, पाच फुटीला वीस. आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन अठराचं, आणि दांडीपर्यंत पोचते ती पंधरा. त्याखाली आणखी एक ओळ होती, जमीन उंचसखल असेल तर रुंद मोव्हर उंचवट्यावर गवत मुळापासून सोलतो. मागच्या हिरवळीला दोन उंचवटे आहेत. मी सगळं वाचलं. खाली छापखान्याचं नाव होतं, तेही.

ओडिया भाऊला सर्वात आधी कळलं. तो आबांच्या शेजारच्या मागांवर नऊ वर्षं होता. "मतलब इनका नाम कपड़े से है, मशीन से नहीं," तो म्हणाला, आणि परत भात कालवायला लागला.

मोठ्या बाईला समजावून सांगावं लागलं. चार फुटी हाच या ट्रॅक्टरला बरोबर आहे, टायरच्या बाहेर दोन्हीकडे दीड दीड इंच जास्त कापेल. आता सगळं फाटकावर आहे. फाटक मी मोजलं नव्हतं. मोजायची गरजच वाटली नव्हती.

"चोपन्न," आबा म्हणाले. त्यांनी मोजलं होतं. कधी, ते मी विचारलं नाही.

बावन्नचा सांगाडा चोपन्नमधून जातो. दोन्ही बाजूंना एकेक इंच.

मग धाकटी बाई, जी सहसा बोलत नसे, ती म्हणाली, "फाडी टाक तो कागद. कोन दखस?"

कोण पाहतंय, हे तिचं चुकलं असं मला वाटलं नाही. शेठने पाच फुटीला हो म्हटलं होतं. कागद माझ्या हातात होता आणि तो माझ्याशिवाय कोणी वाचणार नव्हतं. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी तो तिथेच फाडला असता, हे मी आज लिहून ठेवते. माझ्या पत्रकांमध्ये मी असं कधी लिहिलेलं नाही.

"आपन दखं ना," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. डब्याचं झाकण लावलं. "पट्टी लांब व्हती तवय बी शेठ हाईच म्हने, कोन दखस."

"आबा, तो शेठ होता. आपण शेठ नाही."

"माप ते मापच शे ना, बेटा."

धाकटी बाई हात न धुता उठून गेली. मोठी म्हणाली, "तुना बाप जनमभर मोजतच राह्यना." त्यात राग होता की नाही ते मला कळलं नाही. तिने उरलेली भाकरी बांधून ठेवली.

मी शेठकडे गेले आणि माझी चूक झाली असं सांगितलं. चार फुटी. कारणं सांगितली, टायर, ताकद, उंचवटे. त्याने विचारलं, फाटकातून जाईल? मी म्हटलं, जाईल. तो खूश झाला. ऑर्डरच्या फॉर्मवर रुंदीच्या चौकटीत मी अठ्ठेचाळीस लिहिलं. आकडा नीट आला.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहायला बसले होते. वर काहीतरी शीर्षक टाकलं, मग ते खोडलं. कुणाला उद्देशून लिहायचं ते सुचेना. शेठने फसवलं नव्हतं. दुकानदाराने सगळं छापून दिलं होतं. मी कागद घडी करून ठेवला आणि भांडी घासली. राग येईल म्हणून मी वाट पाहत होते. तो आला नाही. रडूही आलं नाही. रिक्षातून जाताना उधन्याचे माग ऐकू आले की आधी छातीत काहीतरी हलायचं. आता नुसता आवाज ऐकू यायचा.

मोव्हर टेम्पोतून आला, लाल रंगाचा, अजून प्लास्टिकात गुंडाळलेला. ट्रॅक्टरला जोडला. पुढची हिरवळ तासाभरात झाली, एकही पट्टा नाही. शेठने सगळ्यांना चहा सांगितला, चौघांनाही. मग ट्रॅक्टर मागच्या फाटकाशी आला आणि ड्रायव्हर थांबला. मोव्हर मागे असतो, त्याला कडा दिसेनात. तो म्हणाला, घासेल. शेठ म्हणाला, बेन, तमे तो कह्युं के जशे.

आबांनी चहाचा कप भिंतीवर ठेवला. ते फाटकाच्या पलीकडे गेले, वाकले, आधी डावी कड पाहिली, मग उजवी. मग दोन्ही हात वर करून, बोटांनी थोडं थोडं बोलावत, ड्रायव्हरला म्हणाले, "येऊ दे. येऊ दे. सरळ धर."

ट्रॅक्टर हळूहळू आत आला. आबा एकेक पाऊल मागे सरकत होते. कुठेही घासलं नाही.