कंपाउंडरसाहेबांच्या खाटा

कंपाउंडरसाहेबांनी वाफ्याला कधी वाफा म्हटलं नाही. ते खाट म्हणत. "कोपऱ्यातल्या खाटेवरच्या वांग्यानं मान टाकली," किंवा "भिंतीजवळच्या खाटेवरच्या मेथीले आज बरं वाटून राह्यलं," असं ते घरी-दारी सरळ चेहऱ्यानं बोलत. नव्या माणसाला वाटे, यांच्याकडे कुणीतरी आजारी आहे. देऊळगाव राजाच्या सरकारी दवाखान्यात ते औषधं कालवायला होते. दवाखान्यात जाण्याआधी भाड्याच्या घराच्या मागच्या आवारात त्यांची फेरी निघे. हात पाठीशी बांधलेले. प्रत्येक खाटेपाशी थांबायचं, एखादं पान उलटं करून रोग्याची जीभ पाहावी तसं पाहायचं आणि पुढं सरकायचं. त्यांना नाव होतं, पण गावात ते कुणी घेतलं नाही. डॉक्टर येत आणि जात. गावाच्या लेखी दवाखाना म्हणजे कंपाउंडरसाहेबच.

या खाटा म्हणजे गुडघ्याएवढ्या उंच भरलेले वाफे. ते आवार सखल होतं. काळी चिकण माती, पावसाळ्यात पाय ठेवला की चप्पल आतच राहायची. पहिल्या वर्षी त्यांनी सगळ्यांसारखं जमिनीवर लावलं आणि श्रावणात सगळं सडलं. मग त्यांनी पडक्या भिंतीचे दगड गोळा केले, फुटकी कौलं आणली, आणि जिथं दगड पुरले नाहीत तिथं दवाखान्यातून फेकलेल्या, तडा गेलेल्या बाटल्या उलट्या रोवून कड केली. आत माती भरली. शेजारच्यांनी विचारलं, हा काय प्रकार? साहेब म्हणाले, "रोग्याले कोणी चिखलात निजवते का? खाटीवरच ठेवा लागते." सकाळचं ऊन त्या बाटल्यांतून आलं की मेथीच्या पायाशी हिरवे-तपकिरी ठिपके पडत. रस्त्यानं जाणारे लोक कुंपणाशी उभे राहून ते पाहत. मीही पाहिलं आहे.

माझी-त्यांची ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी भांडणातूनच झाल्या आहेत. तेव्हा मी एक जुनी गाडी आणि दुसऱ्याचे बैल घेऊन मिळेल ते भाडं मारत होतो. साहेबांनी तळ्याचा गाळ सांगितला. मी गाडी भरून आवारात आणली, तर यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात गाळात खुपसला.

"काय पाहून राह्यले, साहेब?"

"खाली मुरूम भरला का, ते."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मी चोर वाटलो काय तुमाले? नसन पाह्यजे तर हे घ्या, इथंच उपडी करतो गाडी."

"कर न बे," साहेब म्हणाले, "फक्त जराशी डावीकडे कर. थ्या खाटेच्या जवळ."

मी रागारागानं गाडी उपडी केली, आणि ती नेमकी त्यांना हवी तिथं पडली. उतरवायची मजुरी मागायला मला तोंड राहिलं नाही. ते मनगट झटकत म्हणाले, "गाळ चांगला आहे तुहा. राग बी चांगला आहे. पण दोन्ही एकदमच ओतत नको जाऊ."

भाड्याच्या बोलीतही त्यांनी मला असंच गुंडाळलं. भाड्यातला बराचसा भाग त्यांनी पैशांऐवजी वांग्याच्या आणि मिरचीच्या रोपांवर आणून बसवला. मी घरी येऊन बायकोवर ओरडलो. तिनं रोपं परसात लावली. हिवाळाभर घरी भाजी विकत आणावी लागली नाही, आणि उरलेली तिनं आठवडी बाजारात नेऊन विकली. पुढच्या खेपेला मी भाड्याची घासाघीस केली ती पैशासाठी नव्हे, जास्त रोपांसाठी. आज माझ्या मालाच्या गाड्या जालन्यापासून बुलढाण्यापर्यंत जातात आणि दाराशी रोपांचा वेगळा व्यवहार आहे. त्यातलं बापजाद्यांचं काही नाही. सुरुवात त्या भांडणातली.

साहेबांच्या हातून जाणाऱ्या औषधाच्या प्रत्येक बाटलीवर 'हलवून घेणे' अशी चिठ्ठी असे. मातीलाही त्यांचा तोच नियम. गाळ, शेणखत, चुलीतली राख, कडुनिंबाचा पाला, स्वयंपाकघरातला सगळा केरकचरा असं थरावर थर घालायचं, मुरू द्यायचं आणि अधूनमधून खालचं वर करायचं. मूठभर माती उचलून ते नाकाशी नेत. "अजून कच्ची आहे," किंवा "आता झाली," एवढंच बोलत. पण खाटेवर पाय पडलेला त्यांना खपत नसे. एकदा डॉक्टर स्वतः बाग पाहायला आले आणि बोलता बोलता त्यांनी बूट वर ठेवला. साहेबांनी हात जोडले. "डॉक्टरसाहेब, रोग्याच्या छातीवर पाय आहे तुमचा." डॉक्टरांनी पाय काढला आणि हसले. मला वाटतं, साहेब मात्र विनोद करत नव्हते.

प्रत्येक खाटेवर भाजीबरोबर फुलं असत. वांग्याच्या कडेनं झेंडू, कोथिंबिरीशेजारी शेवंती. फुलं दवाखान्याच्या खिडकीत ठेवायला जात. त्यावरून बाईंचं, म्हणजे त्यांच्या मंडळींचं, आणि त्यांचं रोज वाजे.

"माह्या डोक्यात एक फूल नाई, अन् दवाखान्यात टोपलीभर."

"तुले काय झालं आहे? धडधाकट आहेस."

"मंग आजारी पडू काय?"

"पड. पण मंग कडू औषध बी घ्या लागन."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या अंबाड्यात शेवंती दिसे. साहेब ती पाहूनही न पाहिल्यासारखं करत.

त्यांची आणखी एक सवय मला तेव्हा अगदी पटत नसे. मृगाच्या सुमारास जो दाराशी येईल त्याला ते रोपं देत. कोण, कुठला, ओळखीचा की नाही, काही नाही. मी म्हणायचो, "साहेब, हा माल आहे. फुकट काऊन वाटता?" ते म्हणायचे, "दवाखान्यात आलेल्याले मी कोणाचा म्हणून इचारतो का?" मी धंद्याचा माणूस. मला हे वेडेपण वाटे.

या सगळ्यामागं एक जुनी जखम होती. देऊळगावला येण्याआधी ते लोणारला होते. तिथंही त्यांनी अशाच खाटा भरल्या होत्या. बदली झाली तेव्हा सगळं तसंच सोडून आले, आणि मागाहून आलेल्या भाडेकरूनं त्यांवर म्हशी बांधल्या. कुणीतरी येऊन ते सांगितलं, तेव्हा साहेब जेवले नाहीत, असं बाई म्हणत. त्यानंतर त्यांनी ठरवलं होतं की पुढची बदली होईल तेव्हा माती बरोबर न्यायची. "माणसं सामान नेतात, मी माती नेईन," हे त्यांनी मला कितीदा ऐकवलं असेल.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नागपूरहून बदलीचा हुकूम निघाला: बुलढाणा. साहेबांनी मला गाड्या सांगितल्या. भांडीकुंडी एका गाडीत मावली. उरलेल्या गाड्या मातीसाठी. मी फावडं घेऊन खाटेजवळ उभा राहिलो, तेवढ्यात घरमालक दोन गड्यांना घेऊन आले. गावात वजनदार माणूस, बोलणं मात्र हळू.

"कंपोडर, सामान न्या. आवारातली माती आवारातच राहीन."

साहेब म्हणाले, "मालक, आवारातली माती खाली आहे. तुमची आहे, तिले मी हात लावत नाई. ही वरची मी आणलेली आहे. हा किसन गाडीवान साक्षीले उभा आहे."

"माह्या जाग्यावर जे उभं आहे ते माहं."

"असं? मंग या जाग्यावर माही बायको उभी आहे. तिले बी ठेवून घेता का?"

आतून बाईंचा आवाज आला, "मले काऊन मधात आणता? तुमी आपल्या मातीसाठीच भांडा!"

गडी हसले. मालक हसले नाहीत. मी तर तापलोच होतो. म्हणालो, "साक्ष-बिक्ष काय करता, साहेब. मी भरतो गाडी. पाहू कोण अडवते." आणि पहिलं फावडं मारलं. एक गडी पुढं सरकला. मी फावडं उगारलं.

मालक तितक्याच हळू म्हणाले, "कंपोडर, तुमी सरकारी नोकर आहा. हे प्रकरण चावडीवर गेलं, तर तुमाले भारी पडन."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "किसन, फावडं ठेव."

"नाई ठेवत."

"ठेव म्हणतो न बे."

मी ठेवलं. मग ते मालकांकडे वळले. भाव करायची माझी स्वतःची ख्याती आहे, पण इतक्या खालून बोली सुरू करणारा माणूस मी पाहिला नाही. "एक टोपली द्या," ते म्हणाले. मालकांनाही ते अनपेक्षित होतं. त्यांनी मान डोलावली. साहेब टोपली घेऊन खाटेखाटेपाशी गेले. प्रत्येक खाटेतून मूठभर माती, थोडी वरची, थोडी खोलवरची. टोपली भरली तशी बाईंनी ओलं फडकं टाकून ती मांडीवर घेतली आणि गाडीत बसल्या.

चिखलीपर्यंत मी राग बैलांवरच काढत होतो. मागं रिकाम्या गाड्या खडखडत येत होत्या, तो आवाज माझ्या डोक्यात जात होता. शेवटी म्हणालोच, "साहेब, भांडले काऊन नाई? माती तुमची होती. सारं गाव बोललं असतं तुमच्या बाजूनं."

"हाव. माती भेटली असती," ते म्हणाले, "अन् नोकरी गेली असती. मंग ती माती घेऊन मी कोणाच्या आवारात जाणार होतो?"

"पण एक टोपली!"

"विरजणाले किती दही लागते, बे?"

बुलढाण्याला त्यांना सरकारी क्वार्टर मिळालं. मागं नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी निघे. साहेबांनी पहिल्याच संध्याकाळी दगड मांडून खाटेची कड आखली. पुन्हा गाळ, शेण, राख, पाला, आणि प्रत्येक थरावर त्या टोपलीतली चिमूट. मी मालाच्या खेपेला तिकडं गेलो की वाट वाकडी करून जात असे. आधी काही नव्हतं. मग एका खेपेला त्यांनी मूठभर माती माझ्या नाकाशी धरली. देऊळगावचाच वास. तिकडच्या थंडीत फुलकोबी अशी भरली की कचेरीतली माणसं ती पाहायला येत. इकडं देऊळगावला मालकांच्या गड्यांनी गोठ्यासाठी कडेचे दगड उपटले होते आणि पुढच्या पावसात सगळी माती आवारभर पसरून चिखल झाला होता. मी हे साहेबांना कधी सांगितलं नाही. मी मात्र त्या घरावरून जाताना प्रत्येक वेळी पाहत असे, आणि माझा राग ताजा होत असे.

साहेब पेन्शनीत निघाले. नागपूरला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. माडीवरच्या खोल्या, खाली दुसऱ्याचं दुकान. या वेळी अडवायला कुणी नव्हतं. मी मोठ्या उमेदीनं माल उतरवून रिकाम्या झालेल्या गाड्या त्यांच्या दाराशी आणल्या. "बोला साहेब, मलकापूरपर्यंत मी पोचवतो, पुढं रेल्वेनं न्या. एक ढेकूळ मागं ठेवायचं नाई."

त्यांनी खाटांकडे पाहिलं. "माडीवर कुठी नेऊ, किसन? तू ने."

मी हातातलं फावडं खाली ठेवलं. मग म्हणालो, "मोल सांगा."

"सांगतो. तुह्या दाराशी जो कोणी रोप मागायले येईन, त्याले कोणाचा म्हणून इचारायचं नाई, अन् रिकाम्या हातानं पाठवायचं नाई."

"कबूल," मी म्हणालो, "देऊळगावचा तो घरमालक सोडून."

"दवाखान्यात असं चालते का?"

गाड्या भरून होईपर्यंत मी घासाघीस केली. म्हणालो, त्याच्या गड्याला देईन, त्याला नाही. म्हणालो, त्याला देईन पण मोल घेईन. म्हणालो, त्याला किडकी देईन. साहेब फावड्यानं माती ओढत होते आणि दर वेळी नुसती नकाराची मान हलवत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "हो म्हण न, किसनभाऊ, अंधार पडून राह्यला." मी हो म्हटलं. आयुष्यात इतका हरलेला सौदा मी दुसरा केला नाही.

मलकापूरची मोटार सुटताना साहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढला. नखांत काळी माती होती. "हलवत जा रे तिले," एवढंच म्हणाले. नंतर त्यांची भेट झाली नाही. ते गेल्याचं नागपूरहून आलेल्या एका व्यापाऱ्याकडून कळलं, तेही बऱ्याच उशिरा. त्या दिवशी मी धंद्यावरच्या सगळ्यांशी भांडलो.

देऊळगावला माझ्या आवारात आता त्या खाटा आहेत. कड पक्क्या विटांची आहे. मृगात माणसं येतात, न्यायची ती रोपं नेतात. गेल्या मृगात सकाळीच फाटकाशी काठीचा आवाज आला. साहेबांचे ते घरमालक. पार थकलेले. बरोबर गडी नव्हता.

"किसनराव, वांग्याची रोपं आहेत म्हणे तुमच्याकडे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. तोंडात जे आलं होतं ते फार मोठं होतं. ते तसंच गिळलं आणि खाटेशी वाकलो. निवडून चांगली, जाड दांड्याची रोपं उपटली, मुळाशी ओली माती ठेवून पळसाच्या पानात बांधली आणि त्यांच्या हातात दिली. ते पैसे काढू लागले. मी नको म्हणून मान हलवली. ते ओट्यावर टेकले. धाप लागली होती.

बायकोनं दाराआडून हळूच विचारलं, "चहा टाकू का?"

"नको," मी म्हटलं. "साहेबासंगं बोलणं रोपाचं झालं होतं. चहाचं नाई."