जनूदादाच्या घरचा माणूस

दादा गेल्यापासून मी बंदरावरून सरळ घरी पोचलेलोच नाही. वाटेत कोणीतरी थांबवतंच. बर्फवाला, चहावाला, ओट्यावर मासळी सुकवणाऱ्या बाया. प्रत्येकाकडे दादाचा एक किस्सा असतो आणि प्रत्येक जण म्हणतो, हा तुला माहीत नसेल. बहुतेक वेळा माहीत असतो. तरी ऐकतो. तेवढा वेळ दादा कुठंतरी मीटिंगला गेलाय असं वाटतं. पण आता किस्से इतके वाढलेत की दुसऱ्यांचेही दादाच्या नावावर खपायला लागलेत. मी आठवीत शाळा सोडून बोटीवर गेलो, लिहायची सवय नाही. माझ्यासमोर घडलेले तेवढेच लिहितो.

माझा मोठा भाऊ जनार्दन, सगळ्यांचा जनूदादा, थळजवळच्या आमच्या कोळीवाड्यात ग्रामपंचायतीचा सदस्य होता. आणि गे होता. दोन्ही गोष्टी गावाला माहीत होत्या, कारण दोन्ही त्यानंच सांगितल्या होत्या. त्याचा जोडीदार विलास. तो अलिबागला कोर्टाबाहेर टायपिंग करतो आणि दर रविवारी आमच्याकडे यायचा. दादानं गावासाठी पाणी आणलं, दिवे आणले, ओटे बांधून घेतले. स्वतःसाठी त्याला एकच पाहिजे होतं. विलासला लोकांनी आमच्या घरचा माणूस म्हणावं.

*

पहिल्या निवडणुकीत समोरच्या पॅनलचा एक जण नाक्यावर माइक घेऊन उभा राहिला. जनू कसला माणूस आहे, त्याला पुरुष आवडतात, पोरं बिघडतील, सगळं बोलला. मी मारायला धावलो. दादानं माझी कॉलर धरून मला मागं ओढलं, पुढं गेला आणि त्याच माणसाकडे माइक मागितला.

"माझ्याबद्दल आता जे ऐकलं ते खरं हाय," दादा म्हणाला. "आता ह्यांनी पाण्याच्या टाकीबद्दल सांगावं. ती खरी हाय का?"

टाकी त्यांच्याच काळात कागदावर बांधून झाली होती. गावात कोणी पाहिली नव्हती.

*

निवडून आला, तरी स्थळं यायची थांबली नाहीत. उरणकडचे एक काका आले. न्हावा शेवा बंदरात कामाला, गळ्यात चेन. त्यांना सगळं ठाऊक होतं. आईला म्हणाले, लग्न झालं की सुधरतो माणूस, तुम्ही काळजी करू नका.

दादानं त्यांच्यापुढं चहा ठेवला. शांतपणे विचारलं, "काका, तुमची पोरगी काय गॅरेज हाय?"

काकांनी चहा पुरा प्यायला, हे मात्र मानलं पाहिजे. जाताना दादाला म्हणाले, माझं मत तुमच्या गावात असतं तर तुलाच दिलं असतं.

*

बंगलेवाल्यांचा किस्सा सगळे सांगतात. मुंबईच्या लोकांनी ओट्यांमागं बंगले बांधले आणि पंचायतीत तक्रार केली की सुक्या मासळीचा वास येतो, ओटे हलवा. ग्रामसेवक घाबरला. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वास इथं आधीपासून हाय. बंगला मागाहून आला. हलायचंच तर कोणी हलायचं?"

ओटे तिथंच आहेत. परवा तिथून जाताना एका बाईनं मूठभर सुकट माझ्या पिशवीत टाकली. जनूला आवडायची, म्हणाली. मला सुकट आवडत नाही. घरी नेऊन खाल्ली.

*

विलास पहिल्यांदा घरी आला त्या दिवशी आईला सगळं आधीच सांगितलेलं होतं. ती सकाळपासून पापलेट साफ करत बसली. विलास आला, पाया पडला, पानावर बसला आणि हळूच म्हणाला की तो मासे खात नाही.

आई आत गेली. मी मागं गेलो तर डोळ्याला पदर. मी समजावायला लागलो, आई, जग बदललं, दादा सुखात आहे ना, मग लोकांचं काय घेऊन बसलीस.

"त्याचं न्हाय रं," आई म्हणाली. "बाप्याचं काय, बाप्या तर बाप्या. पन रोज उठून त्याला घालू काय?"

तेव्हापासून रविवारी आमच्याकडे वांगी शिजतात. अजून शिजतात.

*

चुलतभावाच्या हळदीला विलास आला होता. माइकवाल्या पोरानं पुकारलं, अलिबागहून आलेले पाहुणे विलासशेठ यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. विलास उठला, कारण तो भला माणूस आहे. दादाचा चेहरा उतरला. मग तो ताडताड स्टेजवर गेला.

"सत्कार पाहुण्यांचा करा," माइकवर म्हणाला. "ह्याला भाताचं पातेलं द्या. वाढू दे."

विलासनं शेवटच्या पंगतीपर्यंत वाढलं. कपडे हळदीनं आणि रश्श्यानं पिवळे. पण वाढून घेणारे त्याला शेठच म्हणत होते.

*

दादा गेला तो छातीत कळ येऊन. रिक्षातून अलिबागला नेईपर्यंत संपलं होतं. हॉस्पिटलच्या काउंटरवर नातं विचारलं. मी म्हणालो, भाऊ. विलासला विचारलं. त्याच्या हातात दादाची चप्पल होती. तो चपलेकडेच बघत राहिला.

तेराव्याला मामा आला. आईचा भाऊ, रेवदंड्याचा, बोट चालवणारा तांडेल होता. दादानं सगळं उघड सांगितलं तेव्हापासून त्यानं आमचा उंबरा ओलांडला नव्हता. पण सणाला आम्हा दोघा भाच्यांचे कपडे कोणाच्या तरी हाती न चुकता पाठवायचा.

आमच्यात तेराव्याला आईच्या माहेरचे आहेर आणतात. बाईला लुगडं, घरच्या पुरुषांना टॉवेल-टोपी. बाहेरच्या कोणाला तो देत नाहीत. विलास मांडवात शेवटच्या खुर्च्यांवर, पंचायतीच्या लोकांत बसला होता.

मामानं आईला लुगडं दिलं. माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. मग सवयीनं पिशवीत परत हात घातला आणि दुसरा टॉवेल, दुसरी टोपी बाहेर काढली.

तसाच उभा राहिला. दुकानात मागताना आता एकच लागेल हे त्याच्या लक्षातच आलं नसणार. आईनं तोंडात पदर कोंबला. कोणीतरी म्हणालं, ठेव रे परत, असू दे.

मामानं ठेवली नाही. खुर्च्यांमधून वाट काढत शेवटपर्यंत गेला. विलास गडबडून उभा राहिला. मामानं त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली. ती मोठी होती, कानांवर उतरली. मामानं ती दोन्ही हातांनी मागं सारून नीट बसवली.

मांडवात सगळे बघत होते. मामा त्यांच्याकडे वळला.

"भाच्यांना मी दोनच आणतो," म्हणाला.